देखभाल-सेवक आणि समाजकार्याचे दार : इंग्लंडातील अंशकालीन पूर्वशिक्षणाचा इतिहास

इंग्लंडातील समाजकार्य-शिक्षणाचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे अभ्यासकाची दृष्टी प्रथम विद्यापीठांकडे वळते. १९०३ मध्ये लंडनच्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने काढलेले ‘स्कूल ऑफ सोशिऑलॉजी’, १९०४ मधील लिव्हरपूलचे विद्यालय, १९१२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये निर्माण झालेला सामाजिक शास्त्र व प्रशासन विभाग, १९२९ चा मानसिक आरोग्याचा अभ्यासक्रम असे टप्पे क्रमाने सांगितले जातात, आणि ते सांगणे चुकीचे नव्हे. परंतु या इतिहासात एक मोठा वर्ग दिसत नाही. वृद्धांना न्हाऊ घालणारे, पोरक्या मुलांची अंथरुणे घालून रात्री त्यांच्या उशाशी बसणारे, अपंगांना उठवून बसविणारे, आजाऱ्याच्या घरी जाऊन त्याची चूल पेटविणारे सेवक, आणि त्यांहूनही अधिक संख्येने सेविका, यांच्यावाचून इंग्लंडातील समाजसेवेचा एक दिवसही निभावला नसता. तरीसुद्धा ‘समाजकार्यकर्ता’ या नावावर त्यांचा हक्क नव्हता. नोकरी न सोडता, आठवड्यातील काही तास अभ्यास करून, समाजकार्याच्या प्रशिक्षणापर्यंत पोचण्याची वाट या वर्गाला केव्हा मिळाली, कोणी दिली आणि कोणत्या अटींवर दिली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या दोन वर्गांतील अंतर मुळापासूनचे आहे. समाजकार्यकर्त्याची पूर्वज म्हणजे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीची गृहभेट देणारी बाई. ती सुस्थित घरातील असे. गरिबाच्या दारी जाऊन चौकशी करी, टिपण लिही आणि समितीपुढे ठेवी. साउथवर्क येथे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या विमेन्स युनिव्हर्सिटी सेटलमेंटमध्ये अशा स्त्रियांना पद्धतशीर शिक्षण देण्याचा उपक्रम सुरू झाला आणि त्यातूनच पुढे विद्यालये उभी राहिली. देखभाल-सेवकाची पूर्वपरंपरा मात्र गरीब-कायद्याखालील वर्कहाऊसमध्ये शोधावी लागते. तेथे आजाऱ्यांची शुश्रूषा बहुतांशी त्याच वर्कहाऊसमधील धडधाकट दरिद्री स्त्रिया करीत. एकीचे काम चौकशी करण्याचे व लिहिण्याचे, दुसरीचे काम हातांनी करावयाचे. एकीला वेतनाची गरज नव्हती, दुसरीला वेतनच नव्हते. पुढे दोन्ही कामे पगारी झाली, परंतु लेखणी आणि हात यांची ही वाटणी टिकून राहिली. पुढील शंभर वर्षांतील प्रशिक्षणविषयक वादांचे मूळ पुष्कळ अंशी या वाटणीत आहे.

१९१२ च्या विभागाशी महाराष्ट्रातील वाचकाला जवळचे वाटेल असे एक नाव निगडित आहे. मुंबईच्या टाटा घराण्यातील रतन टाटा हे त्या काळी इंग्लंडात ट्विकनम येथील यॉर्क हाऊसमध्ये राहत असत. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला मदत करणाऱ्या या दात्यानेच दारिद्र्याची कारणे व त्यांवरील उपाय यांच्या अभ्यासासाठी लंडन विद्यापीठाला देणगी दिली आणि तीमधून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रतन टाटा प्रतिष्ठान उभे राहिले. त्याचे पहिले संचालक आर. एच. टॉनी हे होत. पुढे पंतप्रधान झालेले क्लेमंट ॲटली हेही त्याच सुमारास या विभागात शिकवू लागले. १९२० मध्ये त्यांनी समाजकार्यकर्त्यावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

टॉनींचे उदाहरण येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. या पदावर येण्यापूर्वी, १९०८ पासून, त्यांनी रॉचडेल व लाँग्टन येथे वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशनचे विद्यापीठीय वर्ग चालविले होते. गिरणीतील व कुंभारकामाच्या कारखान्यांतील कामगार दिवसभराचे काम आटोपून आठवड्यातून एकदा दोन तास जमत. एक तास व्याख्यान, एक तास चर्चा. वर्षाला चोवीस बैठका, आणि असे तीन वर्षे. शिवाय दर पंधरवड्यास निबंध लिहावयाचा. म्हणजे कष्टकऱ्याला नोकरी सांभाळून उच्च दर्जाचे शिक्षण घेता येते हे ज्या व्यक्तीने प्रत्यक्ष सिद्ध केले होते तीच व्यक्ती समाजकार्याच्या शिक्षणकेंद्रात वावरत होती. तथापि या दोन प्रवाहांचा संगम झाला नाही. त्याचे एक कारण अगदी साधे आहे. गिरणीचा भोंगा ठरल्या वेळी होई आणि त्यानंतरची संध्याकाळ कामगाराची स्वतःची असे. निवासगृहातील सेविका बहुधा तेथेच राहत असे. तिची संध्याकाळ ही मुलांच्या जेवणाची, न्हाण्याची व झोपण्याची वेळ. तिला संध्याकाळच नव्हती. अंशकालीन शिक्षणाचा विचार करताना वेळापत्रकाचा हा प्रश्न क्षुल्लक मानणे ही शिक्षणतज्ज्ञांची नेहमीची चूक आहे.

प्रशिक्षणाचा प्रश्न राष्ट्रीय स्तरावर आला तो एका मुलाच्या मृत्यूमुळे. जानेवारी १९४५ मध्ये श्रॉपशरमधील एका शेतवाडीवर, पालनकर्त्यांच्या हवाली केलेल्या डेनिस ओनील या बारा वर्षांच्या मुलाचा छळाने व उपासमारीने अंत झाला. त्यानंतर नेमलेल्या कर्टिस समितीने १९४६ मध्ये आपला मुख्य अहवाल देण्याआधीच प्रशिक्षणाविषयीचा अंतरिम अहवाल सादर केला, यावरूनच या प्रश्नाची निकड ध्यानात येते. १९४७ मध्ये बालसंगोपन-प्रशिक्षणाची मध्यवर्ती परिषद स्थापन झाली आणि १९४८ च्या बालक-कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थांवर जबाबदारी टाकली. गृहमाता आणि गृहपिता यांना शिक्षण दिले पाहिजे हे प्रथमच अधिकृतपणे मान्य झाले, ही मोठीच गोष्ट होय. परंतु शिक्षणाच्या वाटा दोन ठरल्या. मुलांना कुटुंबात ठेवण्याची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी विद्यापीठ. निवासगृहातील सेवकांसाठी निराळे व कनिष्ठ समजले गेलेले वर्ग. एका वाटेवरून दुसरीवर जाण्यास पूल नव्हता. वृद्धांच्या गृहांची स्थिती याहूनही मागासलेली होती. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने वर्कहाऊस हे नाव गेले, इमारती राहिल्या. पीटर टाउनसेंड यांनी १७३ गृहांना भेटी देऊन १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या वर्कहाऊसच्या इमारतींत वृद्ध अद्यापि राहत असल्याचे दाखवून दिले. इमारतींबरोबर पुष्कळदा तेथील कामाची रीतही तशीच पुढे चालत आली होती.

आयलीन यंगहस्बंड यांच्या अध्यक्षतेखालील कार्यकारी मंडळाचा १९५९ चा अहवाल हा या विषयातील मैलाचा दगड मानला जातो. तिबेटवरील मोहिमेमुळे भारतात परिचित असलेल्या सर फ्रान्सिस यंगहस्बंड यांच्या त्या कन्या. समाजसेवा खात्यांत काम करणाऱ्या व कसलेही प्रशिक्षण न मिळालेल्या लोकांची संख्या मोठी आहे हे ओळखून या मंडळाने तीन पायऱ्या सुचविल्या : अगदी साधी कामे करणारे कल्याण-साहाय्यक, दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेले सर्वसाधारण समाजकार्यकर्ते आणि विद्यापीठात व्यावसायिक शिक्षण घेतलेले तज्ज्ञ. मधल्या पायरीचे शिक्षण विद्यापीठात न देता तांत्रिक व तत्सम महाविद्यालयांत द्यावे, ही त्यातील खरी क्रांतिकारक सूचना. १९६१ पासून असे अभ्यासक्रम सुरू झाले, त्याच वर्षी राष्ट्रीय समाजकार्य-प्रशिक्षण संस्था निघाली, आणि १९६२ च्या कायद्याने समाजकार्य-प्रशिक्षण परिषद अस्तित्वात आली. अनुभवी व वयाने वाढलेल्या नोकरांसाठी कमी मुदतीचे खास वर्गही काढण्यात आले. पदवी किंवा विद्यापीठ-प्रवेशाची पात्रता नसलेल्या प्रौढ व्यक्तीला समाजकार्याचे दार किलकिले झाले ते येथे.

किलकिलेच म्हटले पाहिजे. या पायऱ्या स्थानिक संस्थांच्या आरोग्य व कल्याण खात्यांतील, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने आखलेल्या होत्या. शिवाय दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यास म्हणजे दोन वर्षे नेहमीचे काम सोडून राहणे. अधिकाऱ्याला त्यासाठी पाठविणे मालकाला परवडत असे. निवासगृहातील सेविकेला पाठविले तर तिच्या पाळीला कोण उभे राहणार, हा प्रश्न लगेच पुढे येई. लेडी विल्यम्स यांच्या समितीने १९६७ मध्ये निवासगृहांतील सेवकवर्गाविषयी अहवाल दिला. त्यात या कामासाठी दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची शिफारस होती. देखभाल हे कसब आहे, केवळ मायाळू स्वभावाचे फळ नव्हे, हे सांगावे लागणे यातच तोवरची समजूत काय होती ते दिसते.

१९६८ चा सीबोम अहवाल, १९७० चा स्थानिक समाजसेवा कायदा आणि १९७१ मध्ये निघालेली एकत्रित समाजसेवा खाती यांमुळे चित्र पालटले. मुलांची गृहे, वृद्धांची गृहे, दिवसाची केंद्रे, गृहसाहाय्यिका आणि फिरते समाजकार्यकर्ते हे सर्व एका छत्राखाली, एका संचालकाच्या हाताखाली आले. प्रशिक्षणाच्या निरनिराळ्या परिषदा विलीन होऊन समाजकार्य-शिक्षण व प्रशिक्षणाची मध्यवर्ती परिषद १९७१ मध्ये स्थापन झाली आणि तिने सर्वांसाठी एकच पात्रता-प्रमाणपत्र ठेवले. ते त्याच्या आद्याक्षरांवरून सी. क्यू. एस. डब्ल्यू. म्हणून ओळखले जाई. आता मात्र एक अडचण स्पष्टपणे सर्वांसमोर आली. एकाच खात्यातील फिरत्या समाजकार्यकर्त्यांकडे प्रमाणपत्र असण्याचे प्रमाण वाढत होते आणि निवासगृहांतील सेवकवर्ग जवळजवळ सगळाच त्यावाचून होता. परिषदेने १९७४ मध्ये निवासी काम हा समाजकार्याचाच एक भाग आहे असे जाहीर प्रतिपादन केले. तत्त्व म्हणून ते निर्दोष होते. परंतु हजारो सेवकांना दोन वर्षे पूर्णवेळ महाविद्यालयात बसविणे कोणत्याही खात्याला शक्य नव्हते, आणि ज्यांनी तसे केले त्यांना निराळाच अनुभव येई : प्रमाणपत्र मिळविलेला सेवक निवासगृहात परत न येता फिरत्या समाजकार्यकर्त्याची जागा पत्करी. त्यात त्याचा दोष नव्हता. तेथे पगार बरा होता, रविवार मोकळा होता आणि मान होता.

यावर उपाय म्हणून १९७५ मध्ये ‘सर्टिफिकेट इन सोशल सर्व्हिस’, अर्थात् सी. एस. एस., ही नवी योजना मांडण्यात आली. अंशकालीन शिक्षणाच्या इतिहासात या योजनेला जे महत्त्व आहे ते तिच्या आयुष्याच्या मानाने फार मोठे आहे. विद्यार्थी हा प्रथम नोकर असे. त्याची निवड खाते किंवा सेवासंस्था करी, पगार चालू राही, आणि ठराविक दिवस किंवा काही आठवड्यांचे गट त्याला महाविद्यालयासाठी मोकळे मिळत. अभ्यासक्रमाचा एक भाग सर्वांना समान, दुसरा सेवार्थींच्या गटानुसार, तिसरा विशेष विषयाचा. कामाच्या जागीच एक अभ्यास-पर्यवेक्षक नेमलेला असे. त्याने विद्यार्थ्याबरोबर नियमाने बसावे, वर्गात वाचलेले आणि काल रात्री गृहात घडलेले यांचा मेळ घालून द्यावा, अशी अपेक्षा होती. आणि सर्वांत नवीन गोष्ट म्हणजे योजनेचा कारभार मालक-संस्था व महाविद्यालये यांच्या संयुक्त समितीकडे होता.

या पद्धतीचे शैक्षणिक मर्म नीट समजून घेतले पाहिजे. निवासगृहातील सेवक रोज लिहीतच असतो. दिनवहीत तो लिहितो : अमक्याने जेवण टाकले, तमकीला रात्री झोप लागली नाही, अमक्याची आई येणार होती ती आली नाही. ही वाक्ये तुटक असतात. पुढच्या पाळीच्या माणसाला कळावे एवढ्यापुरती ती लिहिलेली असतात. समाजकार्यकर्त्याचे टिपण याच घटनांतून कारणे शोधते, निष्कर्ष काढते आणि त्या निष्कर्षावर निर्णय होतो. आई आली नाही त्याच रात्री मुलाने जेवण टाकले, ही जोडणी सेवकाच्या मनात असतेच. पण ती कागदावर मांडून तिचे समर्थन करणे ही निराळी विद्या आहे. अंशकालीन अभ्यासात विद्यार्थी सोमवारी आसक्ती व वियोग यांविषयी जॉन बोल्बी यांचे सिद्धांत ऐके आणि मंगळवारी पहाटे ज्याच्या बाबतीत ते लागू पडतात त्या मुलाला उठवावयास जाई. पूर्णवेळ विद्यार्थ्याला यासाठी प्रात्यक्षिकाच्या नियुक्तीची वाट पाहावी लागे. हा लाभ निर्विवाद होता. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी होती. ज्या गृहात नोकरी तेच गृह पाठ्यवस्तू झाल्यावर तेथील रीतींविषयी शंका घेणे म्हणजे आपल्या वरिष्ठाविषयी शंका घेणे होय; आणि अभ्यास-पर्यवेक्षक हाही त्याच खात्याचा नोकर. विद्यापीठातील विद्यार्थ्याला जे स्वातंत्र्य सहज लाभते ते येथे मागून घ्यावे लागे.

सी. एस. एस. हे प्रमाणपत्र समाजकार्याची पात्रता आहे की समाजकार्याच्या दाराशी नेऊन उभे करणारे पूर्वशिक्षण आहे, या प्रश्नाचे उत्तर मुद्दामच संदिग्ध ठेवण्यात आले होते. परिषदेच्या दृष्टीने ते समाजसेवेतील ‘अन्य’ कामांसाठी होते. व्यवहारात अनेक खात्यांनी फिरत्या समाजकार्यकर्त्यांच्या जागा सी. क्यू. एस. डब्ल्यू. धारकांसाठी राखून ठेवल्या. तीन वर्षे नोकरी, घर व अभ्यास यांचा तोल सांभाळून प्रमाणपत्र मिळविलेल्या सेविकेला पुन्हा दोन वर्षे विद्यार्थी होऊन ‘खरे’ प्रमाणपत्र घे असे सांगण्यात येई, तेव्हा तिला त्यात अन्याय वाटला तर नवल नाही. विरोधकांचे म्हणणेही सर्वस्वी दुराग्रहाचे नव्हते. मालकाच्या गरजेनुसार आखलेले शिक्षण मालकाचीच नोकरी करावयास शिकविते, व्यवसायाची स्वतंत्र विवेकबुद्धी देत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. तथापि सी. क्यू. एस. डब्ल्यू. अभ्यासक्रमांतून बाहेर पडलेल्यांना निवासी कामाचे ज्ञान अपुरे असते, ही तक्रारही त्याच काळात सर्वत्र ऐकू येत होती. आणि तेव्हा त्या प्रमाणपत्राला कोणी दुय्यम म्हटले नाही. वादाच्या मुळाशी अभ्यासक्रमाचा दर्जा जितका होता त्याहून लेखणी आणि हात यांची जुनी वाटणी अधिक होती, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

या वादाच्या भरात दुसरी एक वाट जवळजवळ गाजावाजा न होता तयार होत होती. लंडनच्या सिटी लिटररी इन्स्टिट्यूटने १९६६ मध्येच, शाळा लवकर सुटलेल्या प्रौढांना पुन्हा अभ्यासाकडे वळविण्यासाठी ‘फ्रेश होरायझन्स’ हा वर्ग काढला होता. १९६९ मध्ये सनद मिळालेल्या मुक्त विद्यापीठाने १९७१ पासून कोणत्याही पूर्वपात्रतेवाचून अध्यापन सुरू केले. १९७८ मध्ये शिक्षण खात्याने सात स्थानिक शिक्षण-संस्थांना निमंत्रण देऊन, ज्यांच्या गरजा प्रचलित शिक्षणव्यवस्थेत भागत नाहीत अशा प्रौढांसाठी, विशेषतः वांशिक अल्पसंख्य समाजांतील लोकांसाठी, शिक्षकी पेशा, समाजकार्य इत्यादींच्या प्रशिक्षणाकडे नेणारे पूर्ववर्ग काढण्यास सांगितले. हेच पुढे ‘ॲक्सेस’ वर्ग म्हणून रूढ झाले. या निमंत्रणामागील कारण उघड होते. लंडन, बर्मिंगहॅम, लीस्टर अशा शहरांत कॅरिबियन व भारतीय उपखंडातून आलेली कुटुंबे स्थिरावली होती. रुग्णालये, वृद्धगृहे व गृहसाहाय्य यांतील अंगमेहनतीच्या कामावर या समाजांतील स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. ज्या कार्यालयात त्या समाजांतील कुटुंबांविषयी निर्णय होत त्या कार्यालयात त्या क्वचितच आढळत.

ॲक्सेस वर्गाची घडण वेळापत्रकापासून केलेली असे, आणि येथेच तिचे शहाणपण दिसते. मुले शाळेत गेल्यानंतर सुरू व्हावयाचे आणि ती परतण्यापूर्वी संपवावयाचे, किंवा आठवड्यातील दोन संध्याकाळी दोन वर्षे चालवावयाचे, अशा सोयी अनेक महाविद्यालयांनी केल्या. काही ठिकाणी पाळणाघरही असे. समाजशास्त्र, मानसशास्त्र, सामाजिक धोरणाचा इतिहास, इंग्रजी लेखन, थोडे गणित. शिवाय अभ्यास कसा करावा याचाच अभ्यास. लेखी परीक्षेचा बाऊ कमी करून वर्षभराच्या निबंधांवर गुण दिले जात. ज्या सेविकेने वीस वर्षांत पत्राखेरीज काही लिहिले नव्हते तिला पंधराशे शब्दांचा निबंध हा डोंगर वाटे. अध्यापकांना मात्र पुष्कळदा उलट अडचण येई. विद्यार्थिनीला सांगावयाचे फार असे. त्यातून एखादा मुद्दा निवडून बाकीचे सोडावयास तिला शिकवावे लागे. अनुभव ही विद्या असली तरी अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे समजणे म्हणजेच या वर्षाची खरी कमाई होय. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : सी. एस. एस.साठी मालकाने निवड करावी लागे. ॲक्सेस वर्गात सेविका स्वतःच्या पायांनी, पुष्कळदा मालकाला न सांगता, जाऊ शकत होती. स्वातंत्र्य आले, आणि त्याबरोबर खर्चही तिच्याच माथी आला.

१९८७ च्या सरकारी धोरणपत्रिकेने ॲक्सेस वर्गांना उच्च शिक्षणाचे तिसरे मान्य द्वार म्हणून स्थान दिले आणि १९८९ पासून त्यांच्या मान्यतेची राष्ट्रीय व्यवस्था लागू झाली. मान्यतेबरोबर एकसारखेपणाही आला. सुरुवातीच्या वर्गांचा विशिष्ट हेतू, म्हणजे अमुक वस्तीतील स्त्रियांना अमुक व्यवसायात नेणे, हळूहळू पातळ झाला आणि ॲक्सेस ही प्रौढांसाठीची एक सर्वसाधारण पात्रता बनली. अशा वर्गांना उदार आश्रय देणारी इनर लंडन एज्युकेशन ऑथॉरिटी १९९० मध्ये बरखास्त झाली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

समाजकार्याच्या प्रांतात जास्मिन बेकफर्ड या बालिकेच्या मृत्यूवरील १९८५ च्या चौकशी अहवालानंतर तीन वर्षांच्या प्रशिक्षणाची मागणी जोर धरीत होती. परिषदेने तशी योजना मांडली. १९८८ मध्ये सरकारने पैसा नाकारला. १९८९ मध्ये त्याऐवजी दोन वर्षांची समाजकार्य-पदविका मुक्रर झाली आणि तिच्यात दोन्ही जुनी प्रमाणपत्रे सामावली गेली. सी. एस. एस. धारकांना बरोबरीचा दर्जा मिळाला तो अशा रीतीने, त्यांचे प्रमाणपत्र मोडीत काढताना. पदविकेचे काही अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करता येत, परंतु देखभालीतील सर्वसामान्य सेवकासाठी आता राष्ट्रीय व्यावसायिक पात्रता, म्हणजे एन. व्ही. क्यू., ही निराळी शिडी उभारली गेली. तिच्यात सेवकाने काम करून दाखवावयाचे आणि परीक्षकाने ते नोंदवावयाचे. वाचन, लेखन, शंका घेणे यांना तिच्यात फारसा वाव नव्हता. या शिडीची वरची पायरी समाजकार्याच्या माडीला टेकत नाही, हे अनेकांना चढून गेल्यावर कळले.

याहून खोल परिणाम झाला तो शिक्षणाच्या बाहेरच्या एका कायद्याचा. १९९० चा आरोग्यसेवा व समाज-देखभाल कायदा १९९३ पासून पूर्णतः अमलात आला आणि स्थानिक संस्था स्वतः देखभाल पुरविण्याऐवजी ती खाजगी व धर्मादाय संस्थांकडून विकत घेऊ लागल्या. सीबोमने ज्यांना एका छत्राखाली आणले होते त्यांची पुन्हा फारकत झाली. समाजकार्यकर्ता नगरपरिषदेत राहिला. देखभाल-सेवक खाजगी मालकाकडे गेला. नगरपरिषदेला आपल्याच वृद्धगृहातील हुशार सेविकेला आठवड्यातून एक दिवस मोकळीक देण्यात स्वार्थ होता, कारण पुढे ती तिचीच समाजकार्यकर्ती व्हावयाची. खाजगी वृद्धगृहाच्या मालकाला तसा स्वार्थ उरला नाही. शिकविलेली सेविका त्याला सोडून जाणार हे त्याला पक्के ठाऊक होते. पगारी मोकळिकीची परंपरा आटत गेली ती मुख्यतः यामुळे, सेवकांची शिकण्याची उमेद ओसरली म्हणून नव्हे. मुक्त विद्यापीठाने १९९८ मध्ये आरोग्य व समाज-देखभालीचा प्रास्ताविक अभ्यासक्रम काढला, तेव्हा घरी बसून शिकणाऱ्या सेवकांचा त्याला मिळालेला प्रतिसाद या उमेदीची साक्ष देतो.

२००३ पासून इंग्लंडात पदविकेच्या जागी तीन वर्षांची पदवी आली आणि २००५ मध्ये ‘समाजकार्यकर्ता’ या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. विद्यार्थ्यांना निर्वाहवेतनही मिळू लागले. पुढे २०१३ पासून त्यावर मर्यादा आल्या. पदवीबरोबर इंग्रजी व गणित यांतील किमान पातळीची अट आली. ती अवाजवी नव्हती, परंतु चाळिशीतील सेविकेला गणितासाठी आणखी एक संध्याकाळ काढावी लागे एवढे खरे. विद्यापीठांचे शुल्क २०१२ मध्ये वर्षाला नऊ हजार पौंडांपर्यंत वाढले आणि इंग्लंडातील अंशकालीन पदवी-विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने घसरली. २०१३ पासून चोविशी ओलांडलेल्यांना ॲक्सेस वर्गासाठीही कर्ज काढण्याची पाळी आली. पुढे पदवी पुरी केल्यास ते माफ होई. त्याच दशकात पदवीधरांना अल्पावधीत समाजकार्यात आणणाऱ्या योजना निघाल्या : २०१० मधील ‘स्टेप अप’ आणि २०१३ मधील ‘फ्रंटलाइन’. त्यांना सरकारचे पाठबळ भरपूर मिळाले. चांगल्या श्रेणीतील पदवी ही त्यांची पहिली अट होती, आणि देखभाल-सेवकाजवळ नेमके तेच नसे.

मुंबईची या बाबतीतील वाट आरंभापासून निराळी होती. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२६ मध्ये नागपाडा वस्तीत सुरू केलेल्या नेबरहुड हाऊसच्या आश्रयाने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले, ते नावानेच पदव्युत्तर होते. रतन टाटांच्या देणगीने लंडनमध्ये दारिद्र्याचा अभ्यास सुरू झाला आणि त्यांच्या वडील बंधूंच्या नावाने मुंबईत समाजकार्याचे शिक्षण. परंतु मधली पायरी, म्हणजे पदवी नसलेल्या अनुभवी सेवकाला वर घेणारी, येथे प्रथमपासूनच नव्हती, म्हणून ती राखण्याचा वा गमावण्याचा इंग्लंडासारखा वादही माजला नाही.

२०१८ च्या अखेरीस इंग्लंडात समाजकार्याच्या पदवी-उमेदवारीची योजना मंजूर झाली. उमेदवार नोकरीत राहतो, पगार चालू राहतो, शुल्क मालकाकडून वसूल होणाऱ्या उमेदवारी-करातून भागते, आणि शेवटी पदवी व नोंदणी दोन्ही मिळतात. योजना सुरू झाली त्या वेळच्या नियमानुसार कामाच्या वेळेपैकी वीस टक्के वेळ अभ्यासासाठी द्यावा लागे, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यात एक दिवस. सी. एस. एस.च्या विद्यार्थ्याला १९७० च्या दशकात मिळे ती मोकळीक साधारणपणे एवढीच होती. निवड पूर्वीप्रमाणेच मालकाची. समाजकार्यकर्त्यांचा मुख्य मालक मात्र नगरपरिषद हाच आहे, आणि ज्या वृद्धगृहांत व घरगुती सेवेत देखभाल-सेवकांपैकी बहुसंख्य काम करतात ती बहुतांशी तिच्या मालकीची राहिलेली नाहीत. त्यामुळे अशा सेविकेला उमेदवार व्हावयाचे तर प्रथम देखभालीची नोकरी सोडून नगरपरिषदेत साहाय्यकाची जागा मिळवावी लागते, आणि मग तेथे निवडीची वाट पाहावी लागते.